दारावरची पाटी, आईचा फोन आणि रिकामा रविवार

प्रश्न : ताई, मी नाशिकची, सिडकोत राहते. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि इंटर्नशिपसाठी जर्मनीत श्टुटगार्टला आलेय. काम जमतंय हो, पण बाकी काहीच जमत नाहीये. ऑफिसात लोक कामापुरतं बोलतात, संध्याकाळी सगळे गायब, रविवारी तर रस्त्यावर चिटपाखरू नसतं. त्यात काल माझ्या दाराला कोणीतरी 'केरवोखे' लिहिलेली पाटी अडकवून गेलं, माझी तक्रार केलीय का कोणी? आई रोज रात्री नऊला व्हिडिओ कॉल करते आणि फोन ठेवला की मला रडूच येतं. परत यावंसं वाटतंय.
– एक वाचक

उत्तर : अगं, आधी ती पाटी. तक्रार-बिक्रार काही नाही, तुझा नंबर लागलाय. त्या भागातल्या बऱ्याच इमारतींत भाडेकरू आठवड्याआठवड्याने पाळी लावून जिना झाडून पुसून काढतात, कुठे तळघर आणि पुढचा फुटपाथ पण असतो, आणि आपलं झालं की पाटी शेजारच्या दाराला. तुझ्या वाट्याला नेमकं काय येतं ते घरमालकाला विचार आणि शनिवारीच उरकून टाक, रविवार तिकडे शांततेचा. कठड्याची खालची पट्टी पण पूस बरं का, बघणारे तिथेच बघतात! आणि बादली-मॉप कुठे ठेवतात ते शेजारी बेल वाजवून विचार. एरवी हाय-हॅलोच्या पुढे न जाणारी माणसं नियम समजावून सांगायला लागली की दहा मिनिटं थांबत नाहीत, ओळख अशीच होते तिकडे.

ऑफिसचं म्हणशील तर आपल्याकडे सातपूरच्या कंपनीत नवीन पोरगं आलं की कोणीतरी त्याला टपरीवर ओढून नेतंच. तिकडे कोणी ओढत नाही, त्यांना ती ढवळाढवळ वाटते. दुपारी 'माल्त्साइट' म्हणत जेवायला निघतात ना, तेव्हा मी येऊ का म्हणून सरळ विचार, डबा घेऊन डेस्कवर बसू नकोस. आणि शनिवारचा बेत बुधवारीच ठरव, आयत्या वेळी कोणी मोकळं नसतं.

आता आईचा फोन, हे तुला आवडणार नाही. नाशिकला रात्रीचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात तुझ्याकडे साडेपाच, बाकीचे एकमेकांना भेटायला निघतात नेमकी ती वेळ, आणि तू खोलीत फोन धरून रडतेस. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, मग तर नऊ वाजता तू ऑफिसातच असशील. त्यापेक्षा तुझ्या सकाळी सातला बोल, इकडे साडेदहा, आईचा स्वयंपाक उरकलेला असतो. दोन दिवस रुसेल, मग तीच आठवण करेल. आणि तिला सांग पार्सलमध्ये तूप-पेढे नको, दुधाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये असे पाठवायला बंदी आहे. चिवडा चालतो. फोडणी करताना मात्र खिडकी उघड आणि बेडरूमचं दार लाव, नाहीतर छतावरचा स्मोक अलार्म अख्खी बिल्डिंग उठवेल.

रविवारी खोलीत बसायचंच नाही. दूध-ब्रेड शनिवारीच आणून ठेव आणि दॉइचलांड तिकीट काढ, 2026 पासून महिन्याला 63 युरो, देशभरात लोकल गाड्या, बस, मेट्रो सगळं चालतं, फक्त लांब पल्ल्याच्या जलद गाड्या सोडून. एस्लिंगन, ट्युबिंगन आरामात होतं. नाशिकची पोरगी तू, तर रोटेनबर्गच्या टेकडीवर जा, शहरातच द्राक्षमळे आहेत, ते पण उतारावर, आपल्या दिंडोरीसारखे सपाट नाहीत. एखाद्या बागायतदाराच्या दाराबाहेर झाडू टांगलेला दिसला की समजायचं आज त्यांच्या घरची वाईन आणि जेवण मिळतंय, लोक बाकावर खेटून बसतात, तिथे गप्प बसायची सोयच नसते. वाईन नको तर द्राक्षाचा रस माग.

इतकं करूनही झोप आणि जेवण उडालेलंच राहिलं तर मात्र डॉक्टरकडे जा, अंगावर काढू नकोस.

आणि हो, ते तिकीट दर महिन्याला आपोआप चालू राहतं. परत यायच्या महिन्यात 10 तारखेच्या आत बंद कर, नाहीतर पुढचेही पैसे कापतील.