दोन एकर विकून जर्मनीला यावं का?

भाऊ, तू विचारलंस की आयटीआय इलेक्ट्रिशियन करून दारव्ह्याला तीन वर्षं वायरिंगची कामं करून राहिलास, जर्मन सरकारनं दारं उघडलीत असं एजंट सांगतो, तर दोन एकर विकून यावं का? मी यवतमाळचाच, सध्या श्टुटगार्टजवळ पॅनल बसवतो. वावर विकू नको. यायचं की नाही, ते वेगळं सांगतो.

दारं उघडलीत हे खरं. २०२४ च्या जूनपासून ‘शान्सनकार्टे’ नावाचा व्हिसा आहे, नोकरी शोधायला एक वर्ष मिळतं. त्याच वर्षी भारतीय कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेऊ, असंही इथल्या सरकारनं जाहीर केलं. पण जाहीर झालेला हमीभाव आणि हातात पडणारा भाव यातला फरक तुला मी काय सांगू? सीसीआयच्या कापूस खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांवर निघाला की गाडी परत. इथं तो ओलावा म्हणजे भाषा.

हिशोब असा. शान्सनकार्टेला सहा गुण लागतात. पस्तिशीच्या आत आहेस, दोन गुण. गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचा अनुभव, आणखी दोन. जर्मन बी१ (म्हणजे भाषेची मधली पातळी) झालं की दोन, झाले सहा. पण अनुभव कागदावर पाहिजे. ठेकेदारानं रोजीवर रोख दिलेल्या पैशाचा इथं कोणी हिशोब धरत नाही, आणि तो कागद नसेल तर सगळा भार जर्मनवर. शिवाय बँकेत अडकवून ठेवायचे महिन्याला १,०९१ युरो (२०२५ चा आकडा), म्हणजे वर्षाचे १३ हजारांवर. युरो शंभर रुपयांच्या आसपास धर, तेरा लाख झाले. ते पैसे तुझेच राहतात, महिन्या-महिन्याला मिळतात, पण नोकरी लागेपर्यंत आठवड्याला फक्त २० तास काम करता येतं. एजंट हे सांगत नाही. माझ्या वेळच्या एजंटनं माझ्याकडून ‘फाइल’चे पैसे घेतले, ती फाइल मी नंतर फुकटात स्वतःच भरली.

आता ‘जर्मनी वाढून राहिली’ असं म्हणतात, ते बघू. २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षी इथली अर्थव्यवस्था आकसली. रशियाचा स्वस्त गॅस गेला, चिनी गाड्या आल्या. फोक्सवॅगननं २०३० पर्यंत ३५ हजारांहून जास्त जागा कमी करायचं युनियनशी ठरवलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये बेरोजगार तीस लाखांवर गेले, दहा वर्षांत पहिल्यांदा. चान्सलर मेर्ट्सचं सरकार मे २०२५ मध्ये आलं. त्याच्या आधीच मार्चमध्ये रस्ते, रेल्वे, वीजजाळ्यासाठी ५०० अब्ज युरोचा निधी मंजूर झाला होता. निधी मोठा, पण परवानग्यांचा कारभार आपल्या तहसीलसारखाच.

तरीही तुझ्या कामाला मागणी आहे. कारखाने माणसं काढतात, पण घरात वायर ओढायला, हीटपंप आणि सोलर जोडायला माणूस मिळत नाही. जुने मिस्त्री निवृत्त होऊन राहिले, म्हणून २०२६ पासून पेन्शनच्या वयानंतर नोकरी करणाऱ्याला महिन्याला २,००० युरोपर्यंतची कमाई करमुक्त केली. यावरून काय ते समज.

तुझ्या जागी मी असतो तर शान्सनकार्टेऐवजी आउसबिल्डुंग बघितलं असतं. साडेतीन वर्षं कंपनीत काम आणि सोबत शाळा, आणि पगार पहिल्या महिन्यापासून. तो पगार कमी असतो, दोघा-तिघांत खोली घ्यावी लागते आणि आयटीआय झालेल्याला परत शाळेत बसायला लाज वाटते. मला वाटली होती. पण शेवटी हाती इथलंच प्रमाणपत्र येतं, मग भारतातल्या कागदाची किंमत कोणी विचारत नाही. त्याच्या व्हिसालाही साधारण बी१ लागतंच.

म्हणून आधी बी१ कर. नागपूर-अमरावतीत क्लास आहेत, ऑनलाइनही आहेत. रोज दोन तास दिलेस तर वर्ष लागेल. तोवर ठेकेदाराकडून शिक्क्याचं अनुभवपत्र लिहून घे, दिवाळीच्या आधी घे, नंतर तो फोन उचलणार नाही.