जुनी गाडी घेतलीस, आता टायर वाचायला शीक

पावसाआधी आंबा घाट चढणार असशील तर आधी टायरच्या कडेवर टॉर्च मार. १८५/६५ आर १५ ८८ एच असं काहीतरी दिसेल. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ६५ म्हणजे कडेची उंची, रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल, टायरच्या आतल्या बांधणीचा प्रकार, १५ हा रिमचा व्यास इंचात. ८८ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ५६० किलो भार. आंब्याच्या पेट्या भरून पुण्याला निघताना हा आकडा आठव. एच म्हणजे जास्तीत जास्त वेग ताशी २१० किलोमीटर, आपल्या रस्त्यांवर त्याची चिंता नको.

खरं बघायचं ते कडेवरच्या डॉट (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे. २३१९ म्हणजे टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनला. मी एकदा नक्षी खोल बघून जुने टायर घेतले, ही तारीख बघितलीच नाही. रबर कडक झालेलं होतं, पहिल्याच पावसात चिऱ्याच्या लाल चिखलावर गाडी सरकली. पोरं मागे बसली होती रे, अजून छातीत धस्स होतं. आतल्या बाजूची कडही बघ, कधीकधी तारीख तिकडेच असते. बारीक भेगा दिसल्या तर घेऊच नकोस.

नक्षीच्या खाचांत छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की १.६ मिलिमीटरच उरली, टायर बदल. पावसात मी तेवढीही वाट बघत नाही.