कायद्याचे अभ्यासक उपेंद्र बक्षी वाचायला कुठून सुरुवात करू?

थेट त्यांच्या जाड ग्रंथांना हात घालू नका, पहिल्या दहा पानांतच घाम फुटेल. भाषा अवघडच आहे, तुमचं काही चुकत नाहीये.

आधी 1979 चं खुलं पत्र घ्या. त्याचा विषय तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यातलं मथुरा प्रकरण: मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा आरोप होता. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चौघा कायदा-अभ्यासकांनी थेट सरन्यायाधीशांना जाब विचारला. 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला, त्यामागे या पत्राने पेटलेलं आंदोलन होतं.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- नुसती हेडनोट (निकालाच्या सुरुवातीला छापलेला सारांश) वाचून निकाल समजला असं मानणं. मथुराचा निकाल मुळातून वाचा, छोटाच आहे.
- कलमं घोकत बसणं.

मग बक्षींनी आग्र्याच्या महिला संरक्षणगृहाबद्दल केलेली याचिका वाचा. केशवानंद (राज्यघटनेच्या मूलभूत चौकटीचा गाजलेला निकाल) सध्या राहू द्या.