डिपॉझिट घेतलं, पण चावी देईनात

प्रश्न: कोथरूडला वन बीएचके ठरवला, ६० हजार डिपॉझिट दिलं, अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर झालं, टेम्पोही सांगून ठेवला आणि आदल्या रात्री मालक म्हणतात जुना भाडेकरू निघालाच नाही, थांबा. आता फोन उचलत नाहीत. काय करू? – एक वाचक भगिनी

उत्तर: ताई, चावी मिळेपर्यंत भाड्याचा एक रुपयाही देऊ नका. जुना भाडेकरू निघत नाही ही मालकाची अडचण, तुमची नाही. अमुक तारखेपर्यंत ताबा द्या नाहीतर डिपॉझिट परत करा असं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा, मग तेच पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, आणि ब्रोकरेज, स्टॅम्प ड्युटी, टेम्पोचा अ‍ॅडव्हान्स, मधल्या काळातलं पीजीचं भाडं सगळ्याच्या पावत्या जपा, कारण करार मोडल्याने झालेलं नुकसान १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७३ खाली मागता येतं. लिव्ह अँड लायसन्समध्ये, म्हणजे घर वापरायची नुसती परवानगी देणाऱ्या अशा करारात, कोर्टातून ताबाच मिळवणं अवघड, त्यामुळे खरं सांगते, पैसे परत घेऊन दुसरं घर बघा. कुलूप तोडायला मात्र जाऊ नका. वकील परवडत नसेल तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत मदत मिळते.