रस्ता रुंद करण्याआधी तो मोजावा : नगररचनेविषयी वाचकांचे प्रश्न

कोल्हापुरातील ज्या रस्त्यांवर खाली दुकाने आणि वर घरे आहेत, त्यांच्या पुढील वीस वर्षांच्या नियोजनाविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहोत.

प्रश्न : राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यावर आमचे वडिलोपार्जित दुकान असून वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. भविष्याचा विचार करून रस्ता रुंद करावा, असे काही जण म्हणतात. पण रुंदीकरणानंतर दुकानाला खोलीच उरणार नाही, अशी भीती वाटते. रुंदीकरण खरोखर आवश्यक आहे काय?
– एक व्यावसायिक, राजारामपुरी

उत्तर : रस्ता एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत मोजल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर कोणीही देऊ नये. समजा, एखादा रस्ता १८ मीटर रुंद आहे. दोन्ही बाजूंना अडीच मीटरचे पदपथ धरले तर १३ मीटर उरतात. त्यात वाहनांसाठी सव्वातीन मीटरच्या चार मार्गिका बसतात. मात्र मग रस्त्यावर एकही गाडी उभी राहता कामा नये. दोन्ही कडांना गाड्या समांतर उभ्या करू द्यायच्या असतील तर सुमारे चार मीटर त्यांत जातात, आणि उरलेल्या नऊ मीटरांत जाण्यायेण्याची प्रत्येकी एक मार्गिका, केएमटीच्या (महापालिकेच्या शहर बससेवेच्या) थांब्याची जागा आणि थोडी झाडे मावतात. या दोन्हींपैकी काय हवे, हे आधी ठरवायला हवे. आपल्याकडे ते ठरवलेच जात नाही. परिणामी चार मार्गिकांचा रस्ता प्रत्यक्षात दोन मार्गिकांइतकाच चालतो, पदपथावर पायऱ्या आणि फलक येतात, चालणारी माणसे गाड्यांच्या मधून वाट काढतात आणि शेवटी सर्वांचे एकमत होते की रस्ता अरुंद आहे. अशा स्थितीत तीन मीटर जागा वाढवली तर तेथे वाहनांची आणखी एक रांग उभी राहील, एवढेच होईल.

दुसरी बाब फारशी बोलली जात नाही. राज्यात डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत भूखंडावर अधिमूल्य (जादा शुल्क) भरून किंवा टीडीआर, म्हणजे दुसरीकडील जागेच्या बदल्यात मिळालेला हस्तांतरणीय बांधकाम हक्क, घेऊन किती जादा चटई क्षेत्र (सर्व मजल्यांवरील एकूण बांधकाम) वापरता येईल, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून आहे. रस्ता नकाशावर रुंद झाला की कडेच्या भूखंडांना अधिक मजले चढवता येतात, त्याबरोबर अधिक वाहने येतात, आणि पाणी, ड्रेनेज व कचऱ्याचा भारही वाढतो. कोल्हापूर महापालिका १९७२ मध्ये झाली, तेव्हापासून हद्दवाढीचा प्रश्न दशकानुदशके रेंगाळत राहिला. त्यामुळे उंच बांधकामाचा ताण अशा मोजक्या रस्त्यांवर अधिकच येतो. म्हणूनच रुंदीकरणाचा प्रस्ताव आला की त्याने वाहतूक किती सुटेल, यासोबत त्याने किती नवे बांधकाम येईल, हाही हिशेब मागितला पाहिजे. तो न मांडलेला आराखडा मला अपुरा वाटतो.

राजारामपुरीची खरी ताकद तिच्या क्रमांकांच्या गल्ल्यांत आहे. मुख्य रस्त्याला मिळणाऱ्या या सरळ गल्ल्यांमुळे नियोजनाचा विचार रस्त्यापुरता न ठेवता दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांसह पूर्ण पट्ट्याचा करता येतो. माल उतरवण्याची वेळ सकाळची ठरवणे, ठरावीक गल्ल्या एकेरी करणे, दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांना गल्लीत किंवा सार्वजनिक वाहनतळात जागा देणे आणि मुख्य रस्त्यावरील पार्किंग अल्पकाळाचे व सशुल्क करणे, हे उपाय भिंत न पाडता करता येतात. हे सारे करून, सहा-आठ महिने मोजणी ठेवूनही रस्ता अपुरा पडला, तर रुंदीकरणाची चर्चा जरूर व्हावी.

आपल्या दुकानापुरते सांगायचे तर महापालिकेच्या नगररचना विभागातून भूखंडाचा पार्ट प्लॅन (विकास योजनेच्या नकाशातील आपल्या भागाचा उतारा) घ्यावा आणि रुंदीकरणाची रेषा असल्यास ती विकास योजनेतील, म्हणजे शहराच्या जमीनवापराच्या आराखड्यातील आहे, की महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खालील रस्तारेषा, म्हणजे रस्त्याची हद्द ठरवणारी रेषा आहे, हे पाहावे. रस्तारेषा नव्याने आखताना मंजुरीच्या सभेपूर्वी किमान एक महिना जाहीर सूचना द्यावी लागते आणि त्या रस्त्यावरही ती लावावी लागते. जागा गेल्यास रोख मोबदला, चटई क्षेत्र किंवा टीडीआर असे पर्याय असतात. परंतु ज्यांचा उरलेला भूखंड इतका उथळ होतो की त्यावर दुकान उभेच राहत नाही, त्यांच्यासाठी शेजारच्या भूखंडासह एकत्रित बांधकामाचा मार्ग आराखड्यातच असायला हवा. भाडेकरू दुकानदारांचा उल्लेख तर अशा कागदांत सहसा नसतो; तो लेखी मागून घ्यावा.

प्रश्न : आमच्या इमारतीत पूर्वी फक्त तळमजल्यावर दुकाने होती. आता वर दवाखाने, क्लास आणि कार्यालये आली आहेत; राहणे कठीण झाले आहे. हा पट्टा पूर्णपणे निवासी करून घेता येईल काय?
– एक गृहिणी, शाहूपुरी

उत्तर : तसे होणे अवघड आहे आणि माझ्या मते इष्टही नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये गुळाची पेठ म्हणून शाहूपुरी वसवली. व्यापार हा तिच्या जन्मापासूनचा भाग आहे. वर माणसे राहतात म्हणून बाजार बंद झाल्यावरही अशा रस्त्यावर उजेड आणि वर्दळ राहते, रात्री एकटीने घरी येणाऱ्या मुलीला त्याचा आधार असतो. आपला त्रास मात्र खरा आहे. क्लास सुटण्याच्या वेळची गर्दी, एकाच जिन्याचा वापर, दवाखान्यातील जैववैद्यकीय कचरा आणि रात्रीचे जनरेटर यांसाठी अटी घालता येतात : घरांना स्वतंत्र जिना, एका मजल्यापलीकडे व्यवसायाला मनाई, ठरावीक वेळेनंतर ध्वनिक्षेपक बंद. बांधकाम मंजुरीच्या कागदांत आपल्या मजल्याचा वापर निवासी असेल आणि तेथे परवानगीशिवाय व्यवसाय सुरू झाला असेल, तर तक्रार इमारतीतील रहिवाशांनी एकत्रितपणे करावी.

प्रश्न : व्हीनस कॉर्नर परिसरात महापुराचे पाणी येते. अशा रस्त्याच्या भविष्याचे नियोजन कसे करावे?
– एक वाचक, लक्ष्मीपुरी

उत्तर : हा प्रश्न वरील सर्व प्रश्नांच्या आधीचा आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली. या भागात पाणी केवळ नदीकडून चालत येत नाही. नदी चढली की जयंती नाल्याचे पाणी पुढे जाऊ शकत नाही आणि मागे फुगून पेठांत शिरते. म्हणून या पट्ट्याच्या आराखड्यात नाल्याची पूर्ण रुंदी, त्याच्या काठावरील मोकळी जागा आणि त्याला मिळणारी गटारे रस्त्याइतक्याच ठळकपणे दाखवली पाहिजेत.

रस्त्याच्या पातळीकडे आपण फार दुर्लक्ष केले आहे. जुना थर न खरवडता त्यावर पुन्हा पुन्हा डांबर टाकले की दरवेळी रस्ता काही सेंटिमीटर उंच होतो, दुकानाची पायरी खाली जाते आणि महापूर सोडाच, वळवाच्या पावसातही पाणी आत येते. नवे काम रस्त्याची मूळ पातळी राखूनच व्हावे, ही अट निविदेत हवी. पूररेषेबाबत (नकाशावर निळी रेषा नदीजवळची, लाल रेषा मोठ्या पुराची व त्याहून बाहेरची) नियम स्पष्ट आहे : निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला बंदी आणि निळ्या व लाल रेषेच्या मधल्या भागात जोत्याच्या उंचीसह अटी. त्याशिवाय या भागात तळघरातील पार्किंगला परवानगी देऊ नये, विजेचे मीटर आणि जनित्रे पहिल्या मजल्यावर न्यावीत, असे मी आग्रहाने सांगेन. ज्या दुकानदारांनी दोन वर्षांच्या अंतराने माल भिजताना पाहिला, त्यांच्यासाठी सुशोभीकरणाचे दिवे ही शेवटची गरज आहे.

प्रश्न : नव्या रचनेत हातगाडीवाल्यांचे काय?
– एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : त्यांना हटवून रस्ता सुधारत नाही, ते दुसऱ्या कोपऱ्यावर उभे राहतात. पथविक्रेता अधिनियम २०१४ नुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडून यायचे असतात आणि विक्रीच्या जागा त्या समितीच्या सल्ल्याने ठरवायच्या असतात. पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळे सोडून, त्याच्या बाहेरच्या पट्टीत झाडांच्या ओळीतच गाड्यांसाठी जागा आखता येते. पाणी आणि कचरापेटीची सोयही तेथेच हवी.

प्रश्न : सामान्य नागरिकाने आपले म्हणणे कुठे आणि केव्हा मांडावे?
– एक सेवानिवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ

उत्तर : शहराची विकास योजना साधारण वीस वर्षांनी सुधारित करायची असते. प्रारूप योजना प्रसिद्ध झाल्यावर तीस दिवसांत लेखी हरकती व सूचना देता येतात आणि त्यांवर नियोजन समितीपुढे सुनावणी होते. मंजूर योजनेत किरकोळ फेरबदल करायचा असला तरी नोटीस आणि महिन्याची मुदत असते. हरकत 'आमचा विरोध आहे' इतकीच लिहू नये. गट किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, पार्ट प्लॅनची प्रत, आपण मोजलेली रुंदी, सकाळ-संध्याकाळच्या वाहनांची व पादचाऱ्यांची मोजणी आणि आपल्याला मान्य असलेला पर्याय, एवढे जोडावे. एका गल्लीने मिळून केलेली मोजणी स्वतंत्र पन्नास अर्जांपेक्षा अधिक उपयोगी पडते, आणि तिची तयारी सूचना निघण्याची वाट न पाहता या महिन्यातही सुरू करता येईल.