तिथे सगळे जुने, मी एकटाच नवा

"मॅडम, ते सगळे एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात. मी एकटाच जाऊन तिथे काय उभा राहू?"

समुपदेशक म्हणून हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे, की समोरचा "ते सगळे" म्हणाला की पुढचं मला आपोआप ऐकू येतं. कधी गाण्याचा ग्रुप असतो, कधी वाचनकट्टा, कधी निवृत्तांची फिरायची टोळी. वाक्य तेच. अलीकडे ते एका तिशीतल्या तरुणाकडून ऐकलं आणि त्याला जायचं होतं टेबलटॉप वॉरगेमिंगच्या क्लबात. हा प्रकार मला नवा होता. त्यानेच तो समजावून सांगितला. साधारण २८ मिलिमीटर उंचीचे सैनिक, टेप लावून इंचांत मोजायची चाल, टेबलावर टेकड्या आणि पडकी घरं, नेम लागला की चुकला हे फासे ठरवणार. सांगताना त्याचा चेहरा उजळला होता.

त्याच्या घरी स्वतः रंगवलेली अख्खी आर्मी होती. नियमपुस्तक जवळजवळ पाठ. दुसऱ्यांचे सामने व्हिडिओवर तासन्‌तास पाहिलेले. स्वतः मात्र एकही सामना खेळलेला नाही. क्लबच्या दारापर्यंत जाऊन, आतला हशा ऐकून तो परत फिरला होता.

सुरुवातीच्या भेटींत प्रत्येक वेळी एक नवं कारण निघायचं. उरलेली तुकडी रंगवून झाली की जातो. नियमांची नवी आवृत्ती येते आहे, ती वाचून जातो. तयारी हे टाळाटाळीचं सर्वांत सभ्य रूप आहे, असं माझं मत आहे. आळशी माणसाला निदान आपण टाळतो आहोत हे ठाऊक असतं. तयारी करणाऱ्याला तेही कळत नाही.

मी विचारलं, "सगळे नियम आल्याशिवाय खेळता येत नाही, हा नियम कुठल्या पुस्तकात आहे?"

तो हसला आणि त्याच्या अभ्यासू स्वभावाप्रमाणे मला इतिहास सांगू लागला. आधुनिक वॉरगेमचं मूळ प्रशियाच्या सैन्यात. राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने वडिलांच्या खेळाला नवं रूप दिलं आणि १८२४ साली तो सेनाधिकाऱ्यांपुढे मांडला. त्यात एक पंच असे. खेळणारे अधिकारी फक्त हुकूम देत; मोजमाप, फासे, नुकसानीचा हिशेब हे सगळं पंचाकडे.

"म्हणजे खेळणाऱ्यांना नियम यायलाच हवेत असं नव्हतं?"

"नव्हतं," तो म्हणाला आणि थोडा गप्प झाला. पण बुद्धीला पटलेलं पोटातल्या गोळ्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. पुढच्या भेटीत तो पुन्हा तिथेच होता.

मग मी टेबलावरचे कागद बाजूला सारले. खोडरबर, पेनांची टोपणं, दोन फासे आणि कपाटातली शिवणाची टेप काढली. म्हटलं, "मला शिकवा."

तो शिकवू लागला. आधी चाल, मग नेमबाजी. चार किंवा त्याहून जास्त पडलं तर नेम लागला. मग समोरच्याने बचावाचे फासे टाकायचे. मी गोंधळले, आणि हा गोंधळ खरा होता. बचाव आधी की नेम आधी, हे मी तीनदा विचारलं. एकदा तर माझं टोपण त्याच्या माऱ्यात आणून ठेवलं. तो म्हणाला, "थांबा, तिथे नको, मरेल ते. इथे मागे घ्या." आणि स्वतःच्या हाताने त्याने माझी चाल सुधारून दिली. खेळ मीच जिंकले. फासे माझ्या बाजूने पडत होते.

खेळ आवरल्यावर मी विचारलं, "मी तिसऱ्यांदा तेच विचारलं, तेव्हा तुमच्या मनात काय आलं?"

"काही नाही."

"ही बाई मठ्ठ आहे, असं?"

"छे! उलट मजा आली. कुणीतरी विचारतंय म्हणून." आणि तो थांबला. बराच वेळ टेपशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तिथल्या माणसांनाही असंच वाटत असेल?"

मी उत्तर दिलं नाही. असं उत्तर समुपदेशकाने दिलं की त्याची किंमत निम्मी होते. इतके आठवडे तो क्लबकडे दाराबाहेरून पाहत होता; त्या दुपारी काही मिनिटं तो जुना सभासद झाला आणि नवख्याकडे बघताना मनात काय येतं, हे त्याने स्वतः अनुभवलं. मी तासभर समजावून हे साधलं नसतं. नंतर इतरांबरोबरही मी हे करून पाहिलं आहे: ज्या कलेच्या ग्रुपात जायला भीती वाटते, ती कला आधी मला शिकवायची. सहसा उपयोग होतो.

तरीही मी तिथे थांबत नाही. "लोक चांगलेच असतील" या भरवशावर पाठवलेला माणूस पहिल्या तिरकस शेऱ्याला कोसळतो. म्हणून विचारलं, "आणि समजा, हसलेच तर?"

"फार वाईट वाटेल."

"वाटू दे. त्यानंतर काय होईल?"

तो विचार करून म्हणाला, "घरी येईन. जेवेन. झोपेन."

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विचारांची आहे, हे माझ्याकडे येणाऱ्यांना लवकरच कळतं. एकोणीस वर्षांचा असताना मुलींशी बोलायच्या भीतीवर उपाय म्हणून एलिस बागेत जाऊन बसला आणि महिनाभरात शंभरेक अनोळखी स्त्रियांशी बोलला. त्यातली एकच भेटायला तयार झाली आणि तीही आली नाही. नकारांचा ढीग पडला आणि भीती गेली, कारण नकाराने काहीच मोडत नाही हे त्याला दिसलं. ही गोष्ट ऐकून आमचा हा तरुण मनापासून हसला.

त्याच्यासारख्या अनेकांना मी पुढे जे सांगितलं, ते इथेही सांगते. जाण्याआधी क्लबला एक सरळ निरोप पाठवा: मी नवा आहे, कधी खेळलेलो नाही, बघायला येऊ का, आणि तुमच्याकडे कोणता खेळ चालतो? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. एका क्लबात वॉरहॅमर ४०,००० हा काल्पनिक भविष्यातल्या युद्धांचा खेळ चालतो, दुसऱ्यात दुसऱ्या महायुद्धाच्या लढाया, तिसऱ्यात नेपोलियनच्या काळातल्या. न विचारता महागडी आर्मी घेतली तर ती घेऊन बसाल आणि समोर कुणी नसेल. तेव्हा खरेदी नंतर. पहिल्या सामन्यापुरती आर्मी उसनी देणारे जुने खेळाडू बऱ्याचदा भेटतात.

पहिल्यांदा नुसतं बघायला जा. टेबलाशेजारी उभं राहायला काही लागत नाही. "हे कुणी रंगवलं?" हा प्रश्न विचारलात की पुढची दहा मिनिटं तुम्हाला बोलावं लागणार नाही. फक्त विचारल्याशिवाय कुणाच्या मिनिएचरला हात लावू नका. एकेका सैनिकात कुणाच्या रात्री गेलेल्या असतात. पहिला सामना छोटा मागा. प्रत्येक तुकडीला पॉइंट ठरलेले असतात आणि त्यांच्या बेरजेवरून लढाई किती मोठी ते ठरतं. दोन हजार पॉइंटांची लढाई तीन तास सहज खाते, पाचशेची आटोपशीर असते. सुरुवातीलाच सांगा की हा माझा पहिला सामना. आणि चाल करताना हेतू बोलून दाखवा: "ही तुकडी मी तुमच्या माऱ्याबाहेर ठेवतो आहे, बरोबर?" चांगला खेळाडू तिथेच सांगेल, बरोबर की चूक.

लाजाळू माणसाला हा छंद सोपा जातो, असं मला आता वाटतं. सगळ्यांचे डोळे टेबलावर असतात, तुमच्यावर नाही. कधी बोलायचं हे डावच ठरवून देतो. लग्नाच्या मांडवात मूग गिळून उभा राहणारा माणूस इथे दोन तास सहज बोलतो.

सगळे क्लब चांगले असतात असं मात्र नाही. नवख्याला मुद्दाम नियमात अडकवून जिंकणारे असतात, आल्यागेल्याला न विचारणारेही असतात. सभासद होण्याआधी बहुतेक ठिकाणी एक-दोनदा येऊन बघू देतात. त्या वेळी तुमची परीक्षा होत असेल तर त्यांचीही होते आहे. दोन-तीनदा जाऊनही मन रमलं नाही तर दुसरा क्लब बघावा.

तो गेला. पहिल्या सामन्यात हरला. एका तुकडीची नेमबाजी विसरला, समोरच्याने आठवण करून देऊन ती करायला लावली. दुसऱ्यांदा गेला तेव्हा सगळ्यांच्या जोड्या आधीच ठरलेल्या होत्या. याला खेळायला कुणी मिळालं नाही, दोन तास बसून परत आला. मला या दुसऱ्या भेटीचीच धास्ती होती. कसं वाटलं, विचारलं.

"संध्याकाळ फुकट गेली," तो वैतागून म्हणाला. "आधी फोन करून जोडी ठरवायला हवी होती."

"मी त्यांना नको आहे," हे जुनं वाक्य मी वाट पाहूनही आलं नाही. पुढच्या वेळी जाण्याआधी त्याने सामना ठरवून घेतला होता, आणि आर्मीत कोणती तुकडी न्यायची यावर माझं मतही विचारलं. मी खोडरबर सुचवलं.