थर वाळवंटाच्या वाळूत डर्ट बाइक चालवताना टायरमध्ये हवा किती ठेवावी?

भुसभुशीत वाळूत साधारण १० ते १२ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) ठेवा. हवा कमी केली की टायर पसरतो, वाळूवर टेकणारा भाग वाढतो आणि चाक कमी रुततं. पण जैसलमेरच्या आसपास सगळी वाळूच नाही. बराचसा भाग खडकाळ माळ आहे, आणि तिथे इतक्या कमी हवेवर दगड लागला की ट्यूब रिमखाली चिमटून पंक्चर होते. त्यामुळे छोटा पंप सोबत हवाच. आणि वाळूच्या टेकड्या दिसल्या म्हणून कुठेही गाडी घालू नका: सम आणि खुडी या गावांच्या बाजूला डेझर्ट नॅशनल पार्क आहे, तिथे माळढोक पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. सीमेलगतच्या भागात तर प्रशासनाची परवानगी लागते. ती जैसलमेरमध्येच विचारून घ्या.